ताउनोचा पट्टा

बस. दिवा जरा तिकडे सरकव, डोळ्यांवर येतोय. खोटं वाटलं तर वाटू दे, मी काही तुला पटवायला बसलेलो नाही. पण विचारलंसच, तर पहिल्यापासून ऐक.

त्या दिवशी मी खिळे आणायला गेलो होतो. एवढंच. जानेवारीत मध्येच ऊब आली, पाऊस पडला आणि वरून पुन्हा कडाक्याचं गोठलं. तळ्यावरची वाट, जंगलातली वाट, सगळं गुळगुळीत काच. स्लेडचं, म्हणजे आमच्या इंजिनवाल्या बर्फगाडीचं, हँडल एकीकडे वळवावं आणि बूड भलतीकडे जावं. असं झालं की आमच्याकडे सगळे हिल्डिंगच्या दुकानात धावतात, पट्ट्याला खिळे मारायचे म्हणून. स्लेडच्या पोटाखाली जो रुंद रबरी पट्टा फिरतो ना, त्याला भोकं पाडायची आणि आतून पोलादी खिळे घालून बाहेरून नट आवळायचे. टोकं बर्फात रुततात, मग स्लेड घसरत नाही. कटकटीचं काम आहे, पण अवघड नाही.

हिल्डिंग म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात म्हातारा दुकानदार. कान गेलेत, तोंड शाबूत आहे.

"पट्टा केवढा आहे?" त्याने विचारलं.

"लांब. दोघांच्या सीटची स्लेड आहे."

"तुझी तर एकट्याची आहे, रेनो."

"माझी नाही. ताउनोची."

शेगडीपाशी दोघं कॉफी पीत उभे होते, ते एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले. ताउनो म्हणजे माझ्या बायकोचा पहिला नवरा. तळ्याचं पाणी जिथून बाहेर पडतं, तिथल्या वळणावर त्याची स्लेड घसरली आणि तो बर्चच्या झाडावर आपटला. माणूस जागच्या जागी गेला. स्लेडला म्हणशील तर नुसता ओरखडा.

हिल्डिंगने खिळ्यांचा डबा काउंटरवर ठेवला, पण हात काही त्यावरून काढेना. "पट्टा नवा घाल," तो म्हणाला.

"कशाला? त्याचा चांगला आहे. फारसा चाललेलाच नाही."

"अरे, त्यावर त्याच्या खुणा आहेत. पांढऱ्या. कुठे कुठे भोकं पाडायची ते त्याने सगळं आखून ठेवलं होतं. पेन माझ्याकडूनच नेलं होतं. उद्या मारतो खिळे म्हणाला, आणि तसाच गेला माशांची जाळी बघायला."

आता तुला सांगतो, आमच्याकडे मेलेल्याचं अर्धं राहिलेलं काम कुणी पुरं करत नाही. अर्धा विणलेला मोजा उसवतात. अर्धी रचलेली लाकडांची रास मोडून पुन्हा पहिल्यापासून रचतात. माझ्या आजोबांनी बांधायला घेतलेली होडी माझ्या बापाने सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत घातली, आणि नंतर स्वतःची नवी बांधली. का, ते कुणी सांगत नाही. आम्हीही विचारत नाही.

"मी त्याच्या खुणा पुसेन आणि माझ्या करेन," मी म्हणालो. "झालं?"

"पुसणं म्हणजे उसवणं नव्हे रे बाबा."

"हिल्डिंग, खिळे देतोयस की जाऊ दुसरीकडे?"

त्याने दिले. मी दार आपटूनच बाहेर पडलो.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि तो काही हिल्डिंगमुळे नव्हे. आमच्या लग्नाला तीन हिवाळे झाले होते आणि तीनही हिवाळे मी एकच पालुपद ऐकत होतो. छपराची गळती काढली, तर वा, ताउनोसुद्धा असंच काढायचा. मोठा मासा धरला, तर बरा आहे, पण ताउनोने एकदा केवढा धरला होता! मेलेल्या माणसाचं एक बरं असतं बघ. तो चुकत नाही, घोरत नाही, त्याचं पोट सुटत नाही. आणि जिवंत माणसाने त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

इर्या, म्हणजे माझी बायको, त्याचं नावसुद्धा काढायची नाही. लोक म्हणायचे, किती समंजस बाई आहे. मला मात्र तेच जास्त झोंबायचं. बोलून टाकलं असतं तर कधीतरी संपलं असतं. ही न बोलता जपत होती.

आणि मला हवं काय होतं? फार नाही. तळ्यापलीकडे तिची बहीण सेल्मा राहते. हिवाळाभर शनिवारी दुपारी सेल्माकडे मासे तळतात, सगळं गणगोत जमतं. बर्फावरून गेलं तर कॉफी गार व्हायच्या आत पोचतो, रस्त्याने गेलं तर तळ्याला केवढा तरी वळसा. पूर्वी इर्या ताउनोच्या मागे बसून तळ्यावरून यायची. माझ्याशी लग्न झाल्यापासून ती गाडी घेऊन रस्त्याने जायची आणि मी स्लेडवरून, एकटा. एका घरातून निघालेले नवरा-बायको सेल्माच्या अंगणात शेजाऱ्यांसारखे भेटायचे. तिचे भाऊ हसायचे. "काय रेनो, आजही बायको टपालाने पाठवलीस का?"

माझ्या मागे बसून, माझी कंबर धरून तिने एकदा तळं ओलांडून यावं, त्या सगळ्यांच्या देखत. एवढंच मला हवं होतं. हसू नकोस. तुला नाही कळायचं ते.

त्या आठवड्यात मी तिला सरळ विचारलं होतं, "तू बर्फाला घाबरतेस की मला?"

"बर्फाला."

"मग पट्ट्याला खिळे मारतो. मग बसशील?"

ती पुल्ल्याचं, म्हणजे आमच्या गोड पावाचं, पीठ मळत होती, सगळीकडे वेलदोड्याचा वास सुटला होता. तिचे हात थांबले. "मारलेस तर बसेन," ती म्हणाली. "पण तुझ्या स्लेडवर दोघं कुठे मावतात?"

"म्हणून तर त्याची काढतोय."

मला वाटलं ती नाही म्हणेल. खरं तर मला तेच हवं होतं, म्हणजे एकदाचं भांडता आलं असतं. पण ती हात धुऊन शेडमध्ये गेली आणि त्या स्लेडवरची ताडपत्री तिने स्वतः काढली. हळूहळू, टोकाला टोक लावून, तिची घडी घातली, वरून हात फिरवला. माझ्या सदऱ्याची घडी तिने कधी तशी घातली नव्हती.

तर, खिळे घेऊन आलो आणि शेडचं दार लावून घेतलं. सकाळच होती, पण आभाळ खाली आलेलं आणि खिडकीवर बर्फाचा थर, त्यामुळे आत दुधी अंधार. जुन्या तेलाचा, रबराचा, उंदरांचा वास. स्लेडचं बूड घोडीवर उचललं, आतला सांगाडा सोडवला, पट्टा हाताने फिरवला. आणि एकेक करून त्या खुणा वर यायला लागल्या. पांढरे ठिपके. नीट, सावकाश केलेले, एकाच्याही मागे दुसरा नाही. खिळ्यांचं गमक तेच असतं. एकामागे एक आले तर दुसरा खिळा पहिल्याच्या चरीतून जातो आणि पकड मिळत नाही. प्रत्येकाने स्वतःची नवी चर काढायला हवी. मी मुद्दाम चूक शोधली. सापडली नाही.

"इथेही आलास होय माझ्या आधी?" मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो.

मग थिनरचा बोळा घेतला आणि रगडून रगडून सगळे ठिपके पुसले. एक ठेवला नाही. पुठ्ठ्याचा माझा साचा कापला, त्याच्यापेक्षा वेगळा, माझ्या डोक्यातला. तो पट्ट्यावर ठेवून पिवळ्या खडूने माझ्या खुणा केल्या. सगळं होईस्तोवर दुपार कलायला लागली होती, पण मन शांत झालं होतं. म्हटलं, घे, झालं की नाही तुझं उसवून?

ड्रिल लावलं. जळक्या रबराचा वास, धूर. रबराच्या गोल चकत्या पायाशी पडत होत्या. प्रत्येक वेळी मी पातं पिवळ्या खुणेवर टेकवत होतो. हे नीट लक्षात ठेव. मी दारू प्यालेलो नव्हतो, आणि पिवळा रंग मला दिसतो.

भोकं झाली, मग खिळे. हे काम खरं दोघांचं. आतून एकाने खिळ्याचं डोकं पकडायचं, बाहेरून दुसऱ्याने नट आवळायचा. नाहीतर नटाबरोबर खिळाही गरगर फिरतो. एकटा असलं की एक हात आत कोंबून बोटं सोलून घ्यावी लागतात. मी पहिला खिळा आतून घातला, बाहेरून चकती लावली, नट फिरवला... आणि खिळा हलला नाही. गच्च. म्हटलं, भोक घट्ट पडलंय, नशीब. दुसराही तसाच. तिसराही. मी नुसता नट आवळत गेलो. शिट्टीही वाजवली असेल. इतकं झरझर काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

मग एक नट थोडा अडला म्हणून मी जोर लावला, आणि आतून कुणीतरी तेवढाच जोर उलटा लावला.

जास्त नाही. बरोबर तेवढाच. चांगला मदतनीस लावतो तसा.

मी पाना सोडला. शेडमध्ये वारा शिरायला जागा नव्हती, तरी एक वास आला. ताज्या फुटलेल्या बर्चच्या लाकडाचा. आमच्या शेडमध्ये सगळा पाइन आहे, बर्च नाही. मी खाली वाकून पट्ट्याच्या आत बघितलं. अंधार. हात घातला, काही नाही. फक्त खिळ्यांची डोकी... ऊबदार होती. बाहेर थुंकी गोठेल अशी थंडी, आणि आत पोलाद असं, की नुकतंच कुणाच्या चिमटीतून सुटलंय.

शहाणा माणूस तिथेच पट्टा कापून मोकळा झाला असता. मी मात्र काय विचार केला सांगू? म्हटलं, माझं काम बिघडवायला बघतोय हा. बिघडव. मीही बघतो. आणि उरलेले सगळे खिळे दात-ओठ खात आवळले. एकही फिरला नाही.

झाल्यावर कंदील लावला आणि पट्टा एक पूर्ण फेरा फिरवला.

माझ्या पिवळ्या खुणा सगळ्या जागच्या जागी होत्या. अखंड रबरावर, भोकाशिवाय. एकीलाही ड्रिल लागलेलं नव्हतं. आणि खिळे उभे होते ते दुसरीकडेच. पुठ्ठ्याचा साचा लावून बघितला, जुळेना. उलटा करून लावला, तरी जुळेना. मग डोळे मिटून सकाळचे ते पांढरे ठिपके आठवले, आणि मला घाम फुटला. प्रत्येक खिळा नवी चर काढणारा. नीट. सावकाश.

तेवढ्यात दार वाजलं. इर्या होती, हातात कॉफी आणि गरम पुल्ला. मी पट्ट्यावर काहीतरी टाकायला हवं होतं, पण ती कंदिलापाशी आली, वाकली आणि बघतच राहिली. खिळ्यांवरून बोट फिरवलं, एकावरून दुसऱ्यावर, ओळखीच्या वाटेने जावं तसं.

"तू त्याच्या खुणा ठेवल्यास," ती म्हणाली.

मी कंदील थोडा मागे घेतला.

"मला वाटलं होतं तू पुसशील. सगळ्यात आधी त्याच पुसशील असं वाटलं होतं मला." तिचे डोळे भरले होते. "किती वाईट विचार करते ना मी तुझ्याबद्दल."

आणि तिने माझा तेलकट हात उचलून स्वतःच्या गालावर ठेवला. असं तिने कधी केलं नव्हतं, लग्नाच्या दिवशीही नाही. आता तूच सांग, मी तिला काय सांगणार होतो? की बये, मी पुसल्या होत्या, थिनरने रगडून पुसल्या होत्या, त्याने परत काढल्या? तो हात तिथून निघाला असता. मी म्हणालो, "कॉफी गार होईल."

हिल्डिंगकडून नवा पट्टा आणता आला असता. मी आणला नाही. नवा पट्टा पाहून ती मागे बसली असती का, याची मला खात्री नव्हती. आणि ती त्या गालाची ऊब... जाऊ दे.

शनिवारी दुपारी निघालो. पुढच्या स्कीखालच्या पोलादी धावाही मी बदलल्या होत्या. मागे एवढी पकड आणि पुढे काहीच नाही, असं झालं तर स्लेड वळायलाच तयार होत नाही, सरळ जाते. आणि आमच्या वाटेवर सरळ गेलं तर काय होतं, ते तुला ठाऊकच आहे. ऊन नव्हतं. तळं आणि आभाळ एकाच रंगाचं झालेलं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. इर्या हेल्मेट घालून आली, क्षणभर सीटकडे बघत थांबली, मग माझ्या मागे बसली.

"धर," मी म्हणालो.

आणि कंबरेभोवती दोन हात आले. घट्ट.

काय वाटलं ते सांगता येत नाही मला. एवढा मोठा बाप्या मी, हेल्मेटच्या आत रडत होतो. पट्टा करकर करत बर्फ फोडत होता, बूड तसूभर घसरत नव्हतं, आणि ती मला धरून होती. मला, रेनोला. मी मनात म्हणालो, बघ ताउनो. बघून घे.

पाण्याच्या वळणापाशी आलो. तो बर्च अजून उभा आहे, एका बाजूची साल निघालेली. मी रेस कमी केली, दोन्ही हातांनी हँडल इतकं आवळलं की बोटांत कळ आली. स्लेड अशी अलगद वळली की मला काही करावंच लागलं नाही. मी हँडल वळवलं का? वळवलंच असेल. तसं म्हणू या.

सेल्माच्या अंगणात सगळे बाहेर आले होते. भावांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. "अरे, आज टपाल हातोहात!" धाकटा ओरडला आणि सगळे हसले, आणि पहिल्यांदाच मीही त्यांच्यात हसलो. इर्याने हेल्मेट काढलं. गाल लाल, केस विस्कटलेले, दहा वर्षांनी लहान दिसत होती. ती माझ्या कानाशी आली.

"तुला कुणी सांगितलं?" ती हळूच म्हणाली.

"काय?"

"वळणावर... हात मागे आणून माझा गुडघा दाबलास ते. घाबरू नकोस म्हणून." "तो नेहमी तिथेच दाबायचा. मी कुणाला कधीच बोलले नाही हे. सेल्मालासुद्धा नाही."

माझे दोन्ही हात हँडलवर होते. अजून बोटं सरळ होत नव्हती माझी. त्या वळणावर, त्या बर्फावर, हँडलवरून हात कोण काढेल?

"असंच..." मी म्हणालो. "सुचलं मला."

तिने सगळ्यांसमोर माझं चुंबन घेतलं. जे मागितलं होतं ते सगळं मिळालं मला त्या दिवशी, आणि तळलेला मासा मी तसाच ताटात ठेवून उठलो.

तेव्हापासून एकही शनिवार चुकलेला नाही. शुक्रवारपासूनच ती गाणं गुणगुणायला लागते. आमच्या घरात आता हसू आहे, ताटात आवडीचं वाढलेलं असतं, लोक म्हणतात रेनोने बाईचं मन जिंकलं. परवा हिल्डिंगसुद्धा म्हणाला, "जोडी शोभते हो तुमची." मी एकदा वळण टाळून लांबच्या वाटेने नेलं तिला, तर उतरल्यावर चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. "ती वाट नको," एवढंच म्हणाली. "आपली ती बरी." आपली!

खिळे काढून टाक म्हणशील तू. काढता येतात, पाना तिथेच टांगलेला आहे. पण मग ती माझ्या मागे बसणार नाही. पुन्हा गाडी, पुन्हा रस्ता, पुन्हा तिचं ते समंजस गप्प बसणं. मला झोप येत नाही, जीव जळतो, तिच्या प्रत्येक हसण्याचा मला संशय येतो. तरी मी दर शनिवारी टाकीत पेट्रोल भरतो.

गेल्या शनिवारी मात्र राहवेना. तिच्या गुडघ्यावर माझा नसलेला तो हात मला एकदा डोळ्यांनी बघायचा होता. म्हणून मी हँडलला एक आरसा बसवला. ती म्हणाली, "हे कशाला?" मी म्हणालो, "मागून कुणी येत असलं तर दिसायला हवं."

वळण जवळ आलं तसं मी आरशात बघितलं. आधी वाटलं आरसा वाकडा बसलाय, कारण ती फार मागे दिसत होती. सीटच्या पार टोकाला, पाठ टेकणीला लागलेली. माझ्या आणि तिच्यामध्ये जागा होती. रिकामी... म्हणजे मला तरी काही दिसलं नाही. एक माणूस ऐसपैस बसेल एवढी. इर्याचं हेल्मेट कलतं होतं, त्या जागेत कशावर तरी विसावलेलं. काच वर केलेली, डोळे मिटलेले. अशी शांत तिला मी कधीच पाहिली नाही, माझ्या शेजारी झोपलेली असतानाही नाही. आणि तिचे दोन्ही हात, लाल हातमोज्यांतले, तिच्या पुढ्यात एकमेकांत गुंतलेले होते, कुणाला तरी मिठी मारल्यासारखे. माझ्या पाठीपासून चांगले हातभर दूर.

भीती वाटायला हवी होती मला. पण आधी जे वाटलं ती भीती नव्हती. वाटलं, सगळ्या वेळी असंच होतं तर. पहिल्या दिवशीसुद्धा. मी रडत होतो तेव्हासुद्धा.

आणि मग लक्षात आलं, की तिचे दोन्ही हात तर मला आरशात दिसतायत.

माझ्या कंबरेभोवतीची पकड मात्र तशीच होती... घट्ट. मी आरशातून नजर काढली, समोर बघितलं. तशी ती थोडी सैल झाली, आणि एका हाताने माझ्या पोटावर हलकेच थोपटलं. दोनदा. नीट चालवतोयस, चालव, असं सांगावं तसं.